वाटीतलं पाणी

"पाणी बदल्लं का?"

हे आबाजी स्वतःलाच विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे, "बदल्लं, बाप्पा, बदल्लं." मग पितळी वाटी उजेडाकडे तिरपी धरून आत बघायचे आणि तेव्हाच गिऱ्हाइकाच्या गालाला ओला हात लावायचे. अकोल्याच्या बाजारात त्यांचं हजामतीचं दुकान होतं. आबाजी हे काही त्यांचं नाव नव्हे; सारा बाजार म्हणायचा म्हणून मीही म्हणायचो. माझी पहिली दाढी त्यांनीच केली. "कोवळं रान हाय, सांभायून काढा लागते," असं म्हणत इतक्या हळू केली की मला खुर्चीतच झोप लागली.

पुढे मी म्युनिसिपल कमिटीत कारकून झालो. मध्यप्रांत-वऱ्हाडचं सरकार नागपुरात बसायचं, पण न्हाव्याच्या वाटीत डोकवायचं काम आमच्याकडे. त्या सुमारास हजामतीच्या दुकानांना लायसन लागू झालं. नियमांची पाटी दुकानात टांगायची: वस्तरा उकळून घ्यावा, फडकं धुतलेलं असावं, वाटीतलं पाणी दर गिऱ्हाइकाला बदलावं, कारागिराची दृष्टी चांगली असावी. पाट्या वाटत मीच फिरलो. काय काय ऐकून घ्यावं लागलं ते विचारू नका. एका बहाद्दराने तर वस्तरे उकळायच्या पातेल्यात चहा केला आणि पहिला कप मलाच पाजला!

आबाजींनी मात्र पाटी माझ्याकडून वाचून घेतली आणि हसले. "हे तं माह्या बापानं मले सांगतलं होतं. कमेटीले आता समजलं काय?"

खोटं नव्हतं ते. एकदा बाळापूरकडचे एक पाटील कोर्टाच्या तारखेला आले होते. घाई फार. म्हणाले, "राहू द्या पाणी, चालते." आबाजींनी वाटी खाली ठेवली. "पाटील, दुसऱ्याचं उष्टं खासान काय तुमी? मंग उष्टं पाणी तोंडाले कसं लावू?" पाटील गुमान बसून राहिले. तारखेला उशीर झाला असणार, पण पुढे ते दर खेपेला इथेच यायचे.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याचं म्हातारपण आपल्याला सगळ्यांत शेवटी दिसतं. आबाजी आधी वाटी फार वेळ तिरपी धरू लागले. मग धरेनासेच झाले. मी दारात उभा राहिलो की म्हणायचे, "कोन हाय? बोल तं खरं." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण हात? हाताला तोड नव्हती. डाव्या हाताची बोटं पुढे चालायची, वस्तरा मागून यायचा. "मी डोयानं कवा करत होतो? मी बोटानं करतो," म्हणायचे. आणि लगेच आवाज खाली आणून, "लायसन गेलं तं मी बसू कुठं रे? घरी बसून भिताडाची हजामत करू काय?"

लायसनच्या कागदावर 'दृष्टी' असा एक रकाना असे. त्यात मी 'चांगली' लिहिलं. दुसऱ्या वर्षीही लिहिलं. त्यांना न विचारता लिहिलं. मला वाटलं, मी मोठं पुण्य करतोय.

तिसऱ्या वर्षी नागपूरहून नवे आरोग्य अधिकारी आले. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलंच होतं. मला घेऊन ते थेट दुकानात आले. "दृष्टी चांगली म्हणता ना? मग मी स्वतः पाहतो. कोणीतरी बसा खुर्चीवर."

बाकावरच्या गिऱ्हाइकांना एकदम आपापली कामं आठवली. मी बसलो. खरं सांगायचं तर गळ्याची भीती नव्हती. भीती 'चांगली' या शब्दाची होती.

नुकतेच एक म्हातारे दाणेवाले शेठ दाढी करून उठले होते. साहेब आल्याने आबाजींची धांदल उडाली. वस्तरा उकळला, धुतलेलं फडकं काढलं, माझ्या गळ्याशी नीट बांधलं. मग कट्ट्यावरची वाटी उचलली.

"पाणी बदल्लं का?" त्यांनी विचारलं. आणि सवयीने आपणच म्हणाले, "बदल्लं, बाप्पा, बदल्लं."

बदललं नव्हतं. वाटी माझ्या नाकासमोर होती. साबणाचा गढूळ फेस आणि त्यावर शेठजींचे पांढरे केस. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. पण साहेब हातभर अंतरावर उभे होते, आणि त्यांची नजर वस्तऱ्यावर होती. मी डोळे मिटून घेतले. ते पाणी गालाला लागलं.

कुठे खरचटणंसुद्धा नाही! साहेबांनी माझ्या हनुवटीवरून स्वतः बोट फिरवून पाहिलं. "हात उत्तम आहे," म्हणाले आणि उभ्या उभ्या सही केली. ते गेले तशी मघाशी कामं आठवलेली मंडळी परत आली. कोणीतरी चहा सांगितला.

आबाजी वाटी हातात घेऊन उभेच होते. "आज लय घाई झाली. पाणी साफ होतं ना रे?"

"एकदम साफ, आबाजी."

ते हसले. मोरीपाशी जाऊन सवयीने वाटी ओतली, पण आज बोटांतून, हळूहळू. ओतता ओतता थांबले. मग परत आले आणि तळहात माझ्यापुढे धरला. तळहाताला केस चिकटले होते.

"हे काय हाय?"

मी बाहीने गाल पुसला.

"मले दिसत नाई," आबाजी म्हणाले. "तुले तं दिसत होतं ना?"

त्यांनी मला पुन्हा खुर्चीवर बसवलं. ताज्या पाण्याने, साबण लावून, तीनदा माझं तोंड धुतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत कचेरीत आले आणि लायसन माझ्या टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, "आबाजी, साहेबांनी सही केली. तुमाले कोन काय म्हणते?"

"साहेबानं हात पायला. हात चांगलाच हाय माहा. पाणी तू पायलं होतं." जायला वळले, मग थांबले. "दृष्टी चांगली, हे कोनं लिवलं होतं?"

"मी."

"मंग तुहीबी तपासून घेजो एकडाव."

दुकान बंद झालं. मी त्यांच्या घरी जात राहिलो. चहा मिळायचा, बाजाराच्या गप्पा व्हायच्या, राग कधी दिसला नाही. एकदा धीर करून म्हटलं, "माही दाढी करून द्या ना. पाणी मी पाह्यतो."

"नको, बापा," ते अगदी सौम्यपणे म्हणाले. "तू पाह्यतो म्हनतो, म्हनून तं भेव वाटते."

पुढे दोन वर्षांनी ते गेले. दहाव्याला मोर्णा नदीच्या काठी त्यांची दोन्ही मुलं क्षौराला बसली होती. बाजारातलाच एक न्हावी आला होता. थोरल्याचं डोकं झालं. वाटी तशीच उचलून तो धाकट्याकडे सरकला.

"पाणी बदल," मी म्हणालो. केवढ्या मोठ्याने म्हणालो कोण जाणे, पिंडाला कावळा शिवायची वाट पाहणारे सगळे वळून माझ्याकडे बघू लागले.

न्हावी कंटाळून म्हणाला, "आता अथी घाटावर कोन पाह्यते, बाबूजी?"

"मी पाहून राहिलो," मी म्हटलं.

तो उठला. वाटी ओतली आणि घागरीकडे गेला.