गोधडीचं पोट

माझ्या आजेसासूने सुई उचलली की पिंपळे गुरवातली थंडी गाठोडं बांधून नदीपलीकडे पळायची. म्हातारीच्या गोधडीत झोपलेल्याला उठवायला दोघं लागत, आणि त्यांतला एक हमखास आत शिरून घोरायला लागे.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळाची गोधडी बाळाच्या आधी झालीच पाहिजे, हा त्या घरचा नेम. पण म्हातारीला हल्ली दोरा दिसेना. कबूल करील तर ती कसली! "डोळं चांगलं हायेत. सुयाच बारीक करायला लागलेत मेले," म्हणत तिने सुई माझ्या हाती दिली. मी पिंपरीच्या कारखान्यात लेथवर, केसाएवढा फरक पकडणारा गडी! शिफ्ट सुटली की सायकल थेट सासुरवाडीला. पहिल्या दिवशी पट्टी, गुण्या, खडू घेऊनच बसलो. तिने माझी पट्टी उचलली आणि चुलीतले निखारे सारले.

"जावईबापू, पोर काय लोखंडाचं व्हनार हाय व्हय?"

तिचं माप म्हणजे अंगठा. टाक्यांवरून तो फिरला की निकाल लागायचा. पुढे पुढे तर ती माझ्याकडे पाठ करून भाकऱ्या थापता थापताच ओरडायची, "उसवा! दोरा वरडतोय तुमचा!" मी ती गोधडी इतक्यांदा उसवली की शेवटी कापड कमी आणि भोकं जास्त उरली.

टाके कडेने फिरत फिरत आत येतात. शेवटी मधोमध वीतभर जागा राहते, ते गोधडीचं पोट. त्यात भाकरीचा घास ठेवूनच ते शिवायचं, नाहीतर आत झोपणारं पोर जन्मभर उपाशी, असं म्हातारीचं ठाम मत. नेमकी ती शेजारी गेलेली. म्हटलं, पहिलं पोर, हात आखडता कशाला घ्या? बायकोसाठी केलेला आख्खा डिंकाचा लाडू आत घातला आणि पोट शिवून मोकळा झालो. रात्री तिथेच मुक्काम.

सकाळी पाहतो तर गोधडी चालत निघालेली! मुंग्यांनी तिला उचलून उंबऱ्यापर्यंत आणली होती. आणि तेवढ्यात आतून आरोळी आली, बायकोला कळा सुरू झाल्या.

"घास म्हंजी चिमणीचा घास वो! तुमी तर गावजेवण घातलंत!" म्हातारी हसता हसता खालीच बसली. सुईण आत गेली, तशी म्हातारीनेच गोधडीचं पोट उसवलं, गोधडी झटक झटक झटकली, उन्हात टाकली. ऊन खाऊन झाल्यावर बोटांनी चाचपत मधोमध भाकरीचा कण ठेवला. मी सवयीने सुई ओवून तिच्यापुढे धरली. तिने हात पुढे केला आणि माझ्या बोटांपासून चांगली वीतभर लांब, हवेतच मिटला.

"तूच शिव, लेकरा," ती हळूच म्हणाली. "मला दिसत न्हाई."

मी शिवली. कान आतल्या खोलीकडे, शेवटचा टाका सपशेल वाकडा गेला. तिचा अंगठा त्यावर येऊन थांबला. मी "उसवा"ची वाट बघत राहिलो. आत पोरीने पहिला टाहो फोडला.

"ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली.

तो टाका अजून तसाच आहे. गोधडी विरली, म्हातारी गेली. पोरगी आता मोठी झाली तरी थंडीत तीच ओढते, आणि मी पांघरूण सारखं करायच्या निमित्ताने त्या वाकड्या टाक्यावर अंगठा फिरवून येतो.