मऊ औषध

डॉक्टरांनी अक्काच्या तळहातावर जेलचा एक छोटा गोळा ठेवला. पाण्यासारखा पारदर्शक, हात हलला की थरथरणारा. त्यात औषध नव्हतं, नुसता दाखवायला आणला होता.

"मावशी, असंच जेल औषध घालून मानेतल्या गाठीत सोडायचं. ते तिथंच राहतं आणि औषध हळूहळू पाझरतं. उपचार नवा आहे, त्यामुळे खात्री देता येणार नाही."

अक्का माझी थोरली बहीण. पहिल्या खेपेला सलाइनमधून दिलेलं औषध तिच्या अंगभर फिरलं होतं. गाठ एवढीशी, पण केस गेले, तोंड सोलून निघालं. कॅन्सरशी लढायचं असतं, असं मीच तिला सारखं सांगायचो.

"बघ रे, किती मऊ आहे," अक्का म्हणाली आणि गोळ्यावरून हलकेच बोट फिरवत राहिली. तिच्याकडे बघताना वाटलं, दुखऱ्या माणसाजवळ असंच जायला हवं. दुखतं तिथं थांबावं, बाकी कशाला धक्का लावू नये. आम्ही नातेवाईक मात्र भेटायला जातो आणि सल्ल्यांनी घर भरून टाकतो.

"कधी करायचं?" अक्कानं विचारलं. तिच्या आवाजात भीती होती, तरी ती विचारत होती.

जेल सोडल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत गाठ थोडी उतरलेली दिसली. अजून बरंच बाकी आहे, असं डॉक्टर म्हणाल्या. अक्कानं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून नुसती बसून राहिली.