मुठीचं कौतुक

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला आमच्या नगर जिल्ह्यात कोणीतरी हमखास स्पंजचा बॉल आणून देतो. पिवळा, वर हसरं तोंड काढलेला. "दाबत बसा, ताकद येते." सल्ला देणारा असा ठाम, की फिजिओथेरपीची पदवी मी उगाच घेतली असं वाटावं.

घोडेगावच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवणारे एक दलाल माझ्या दवाखान्यात आले, तेव्हा उजव्या मुठीत तो बॉल होताच. बरोबर बायको आणि मेव्हणा. मेव्हणा फुशारकीनं म्हणाला, "म्याडम, दाजींची मूठ बगा. दोघांनी ओढली तरी सुटत न्हाई. लई ताकद आली."

ताकद कसली, डोंबलाची! मी त्यांचं कोपर सावकाश सरळ केलं, तर झालं. तेच झटकन ओढलं, तर मध्येच अडकलं. मेंदूचा लगाम सुटला की स्नायू असे आपोआप आखडतात. बोटं कशीबशी उलगडली, तर नखं रुतून तळव्याला जखम झालेली, तिला वासही येत होता. घरात मात्र या मुठीचं कौतुक चाललं होतं.

"या हातानं काय करायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"उपरण्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरायचीत," ते म्हणाले. "आमी भाव तोंडानं न्हाई बोलत."

भाव बोटांनी सांगायचा, तिथं आवळलेली मूठ काय कामाची? बॉल मी मेव्हण्याच्या खिशात कोंबला. मेंदूच्या डॉक्टरांनी आखडलेल्या स्नायूंत इंजेक्शनं दिली, मी हाताला आधाराची पट्टी करून दिली, बायको रोज बोटं हळूहळू ताणत राहिली. मेव्हण्याची कुरकुर दर खेपेला ठरलेली, "मूठ ढिली पडली की, म्याडम!" मला त्याला कोपरापासून हात जोडावेसे वाटत.

दिवाळीनंतर एकदा दाजींनी बसल्या बसल्या उपरणं माझ्या हातावर टाकलं. त्याखाली त्यांचं एक बोट थरथरत सरळ झालं, मग दुसरं, आणि त्यांनी माझी बोटं धरली. मला रडू आलं.

"बॉलचाच गुन," मेव्हणा म्हणाला. "आता आमच्या आळीत एकाच्या अंगावरनं वारं गेलंय, त्याला दिला. लई घट आवळतोय!"