शोकसभेत राहून गेलेलं वाक्य

तुळशीराममामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीला कॉलेजच्या कार्यालयात परीक्षेच्या बैठक व्यवस्थेची यादी तपासत होते. मामांचा मुलगा मनोहर बोलत होता. "ताई, बाबा गेले," एवढं म्हणून तो थांबला आणि मग एका दमात सगळं सांगत सुटला... सकाळी शेवंतीच्या वाफ्यांत पाणी सोडून आले, हातपाय धुतले, मामींना चहा मांडायला सांगून ओसरीवर टेकले. मामी कप घेऊन बाहेर आल्या तर मान खाली. मी फोन ठेवला आणि हातातल्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लागले. कोणाकोणाला कळवायचं, अकोल्याच्या मंडळींना यायला किती वेळ लागेल, सतरंज्या कोणाकडून आणायच्या. पन्नाशी ओलांडली तरी माझी ही खोड गेलेली नाही. काही कोसळलं की मी आधी यादी करते. यादी पुरी झाली तेव्हा स्कूटर काढली आणि वलगावच्या रस्त्याला लागले.

आमच्या वऱ्हाडात शोकसभा स्मशानातच होते. चिता पेटली की लोक शेडखाली बसतात, कोणीतरी नावं पुकारतं आणि चार-सहा जण गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. वलगावात आणि आसपासच्या गावांत त्या चार-सहा जणांत तुळशीराममामा बहुतेक वेळा असायचेच. शिक्षण सातवीपर्यंत, धंदा फुलं आणि भाजीपाल्याचा, अंगात पांढरा सदरा. तीन मिनिटांच्या वर ते कधी बोलले नाहीत. पण त्यांचं बोलणं झालं की गेलेला माणूस पुन्हा एकदा समोरून चालत गेल्यासारखा वाटायचा. त्या दिवशी त्याच शेडखाली सहा जण मामांवर बोलले. मनमिळाऊ होते, परोपकारी होते, त्यांच्या जाण्यानं न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. माझंही नाव पुकारलं गेलं. मी बसल्या जागेवरून हात जोडले आणि मान हलवली.

घरी आल्यावर मोठ्या मामींनी, म्हणजे मामांच्या पत्नीनं, मला जवळ बसवून घेतलं. "काय बोलले वो लोकं?"

"चांगलं बोलले."

"चांगलं तं कोणाबद्दलही बोलतेत. यायच्याबद्दल काय बोलले?"

मी 'मनमिळाऊ, परोपकारी' एवढंच सांगितलं. मामी म्हणाल्या, "तेरवीले तू बोलजो. तुले शिकवलं ना त्यायनं."

शिकवलं होतं हे खरं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयातले मुख्य लिपिक वारले आणि श्रद्धांजलीचं भाषण माझ्याकडे आलं. मी चार पानं लिहून वलगावला गेले. मामा पालकाच्या जुड्या बांधत बसले होते. डोळे मिटून त्यांनी चारही पानं ऐकली. मला वाटलं, आवडलं.

"यातलं नाव काढ," ते म्हणाले, "अन् माह्यं टाक. जमते का?"

मी मनातल्या मनात नाव बदलून पाहिलं. "जमते."

"मंग फाड."

चार पानं फाडली. मग त्यांनी पालक बाजूला सारला आणि आपली रीत सांगितली. माणूस गेला की आधी त्याच्या घरात जायचं नाही. शेजाऱ्याकडे जायचं, तो काम करत होता तिथे जायचं, आणि ज्याच्याशी त्याचं वाकडं होतं त्याच्याकडे तर नक्की जायचं. "भांडणाऱ्या मानसाले सगळं याद रायते, सुनीता. प्रेमातले लोकं इसरून जातेत." आणि भाषणात त्या माणसाचा एक तरी दोष सांगायचा. दोषाशिवाय माणूस ओळखूच येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही रीत त्यांना शोभायची. पाचेक वर्षांपूर्वी गावातले शिंपीकाका वारले तेव्हा मामा चितेसमोर उभे राहून म्हणाले होते, "या मानसानं जन्मात कोणाचा कपडा सांगतलेल्या तारखेले देला नाई. माह्या लग्नाचा सदरा मले लगन झाल्यावर भेटला." सगळं शेड हसलं. शिंपीकाकांची बायको पदरानं डोळे पुसत हसत होती. आणि मग मामांनी सांगितलं की शिंपीकाकांना उशीर का व्हायचा. गावातल्या म्हाताऱ्यांचे फाटके कपडे ते आधी हातात घ्यायचे आणि ते कोणाला कळू द्यायचे नाहीत.

तर मामांच्या भाषणासाठी मी त्यांच्याच रीतीनं यादी केली. शेजारी झाले. अमरावतीच्या फुलबाजारातला हारवाला झाला. तो म्हणाला, मामांची टोपली आली की वरची फुलं आणि तळाची फुलं सारखीच असायची, त्यामुळे टोपली उपसून पाहायचं काम वाचायचं. हे मी लिहून घेतलं. पण तिसऱ्या ओळीपुढे जागा रिकामी होती. मामांचं कोणाशी वाकडं होतं? ज्याला विचारावं तो म्हणायचा, त्यांचं कोणाशीच नव्हतं. शेवटी मोठ्या मामींनाच विचारलं. त्या गहू निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अकोटच्या कुसुमले इचार."

कुसुममामी म्हणजे मामांचे धाकटे भाऊ विठ्ठलमामा यांच्या पत्नी. विठ्ठलमामा अकोटला कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. त्यानंतर कुसुममामी वलगावला आल्या नाहीत, एवढं मला माहीत होतं. गुडघेदुखीमुळे येत नाहीत, असं घरात सांगितलं जायचं. या वेळीही अंत्यसंस्काराला त्यांची मुलगी आली होती, त्या नव्हत्या. सहाव्या दिवशी मी दर्यापूरमार्गे जाणाऱ्या एसटीनं अकोटला गेले.

गुडघे ठणठणीत होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि मी का आले ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुह्या मामानं भाषन करून मले गावात उघडं पाडलं. सांगू का कसं?"

विठ्ठलमामांच्या शोकसभेत मामा बोलले होते. मीही तिथे होते, पण मला त्यातलं काही खुपल्याचं आठवत नव्हतं. मामा म्हणाले होते, माझा भाऊ यंत्रापुढे देवमाणूस होता, पण घरात त्याची जीभ फार कडू होती. त्यानं कुसुमला एक घास सुखानं खाऊ दिला नाही. तिनं ते सोसलं, म्हणून हे घर उभं राहिलं.

"चांगल्यासाठीच बोलले, ते समजते मले," कुसुममामी म्हणाल्या. "पन सगळ्यायनं वळून माह्याकडे पाह्यलं. तीस वर्सं मी ते कोणाले समजू देलं नव्हतं. पोरीच्या सासरचे लोकं बसले होते तिथं. एका मिनिटात वाटून टाकलं त्यायनं."

"पण खोटं नव्हतं ना, मामी?"

"खोटं काहून असंन? खरंच होतं. पन ते माह्यं होतं. सांगाचं का नाई, ते मी ठरवाव."

नंतर मामा एकदा आले होते म्हणे. याच खुर्चीवर बसले, पाणी प्याले, पावसापाण्याचं विचारलं आणि गेले. "मेल्या मानसावर बोलाले कोठी कोठी जात होते. मले जित्या बाईले एक वाक्य नाई बोलता आलं त्यायले."

मी वही मिटली. मामांचा दोष मला मिळाला होता. "मामी, हे मी तेरवीच्या दिवशी सांगू का?"

त्यांनी पाण्याचा रिकामा पेला उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाल्या, "सांग. पन माह्यासमोर सांग. मी यीन."

परतीच्या एसटीत मी अर्धं भाषण लिहिलं. उरलेलं अर्धं दोन दिवसांनी मिळालं, आणि ते मी शोधत नव्हते. शिंपीकाकांच्या बायकोला भेटायचं यादीत होतं म्हणून गेले. बोलता बोलता मी त्या सदऱ्याच्या गोष्टीवरून हसले, तर त्या म्हणाल्या, "ते तं मीच म्हणतलं होतं त्यायले, सांगा म्हणून."

"तुम्ही?"

"तिरडी उचलाच्या आंधी अंदर आले होते ना. हळूच इचारलं, वहिनी, तारखेचं सांगू का? तुमी हो म्हनान तरच सांगतो. नाई म्हनान तं माह्या पोटात राहीन."

मी आणखी दोन घरी गेले. दोन्हीकडे तेच. मामा तिरडीआधी घरात जायचे, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं. सांत्वनाला जातात असं वाटायचं. मोठ्या मामींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अकोटवरून आल्यापासून सुरू झालं ते. त्याच्या आंधी नव्हते इचारत." म्हणजे आठ वर्षं, प्रत्येक मरणाच्या घरी, कुसुममामींना जे विचारायचं राहून गेलं ते मामा दुसऱ्या बायकांना विचारत होते. आणि हे वलगावातल्या निम्म्या घरांना माहीत होतं. जिला माहीत असायला हवं होतं, ती अकोटला होती.

तेरवीच्या दिवशी माझी सगळी तयारी चोख होती. भाषण तीन मिनिटांचं, दोनदा घड्याळ लावून वाचलेलं. कागद तीन, त्यातला मधला कुसुममामींचा. पहिल्या ओळीत मी एक खुर्ची धरून ठेवली होती. अकोटची पहिली एसटी आली, दुसरी आली. मनोहरला दोनदा फाट्यावर पाठवलं. पत्रावळी मांडायची वेळ झाली आणि माझं नाव पुकारलं गेलं. मी पहिला कागद वाचला. हारवाल्याची टोपली सांगितली, फाडलेली चार पानं सांगितली, लोक हसले. दुसरा कागद हातात आला. खुर्ची रिकामीच होती. 'माझ्यासमोर' असं त्या म्हणाल्या होत्या. मी तो कागद मागे सरकवला आणि तिसरा वाचून खाली बसले.

लोक येऊन येऊन सांगत होते, लय भारी बोलल्या ताई. मला मात्र ठाऊक होतं की मी मामांचा एकही दोष सांगितला नाही, म्हणजे मी सातवं तसलंच भाषण केलं. संध्याकाळी पाहुणे पांगले तेव्हा मोठ्या मामी म्हणाल्या, "काही तरी सोडलं तुनं."

"हो."

"बरं केलं. पन घरी नेऊन ठेवू नको ते."

पुढच्या रविवारी मी पुन्हा अकोटला गेले. खरं सांगायचं तर थोडी रागातच गेले होते. कुसुममामी स्वयंपाकघरात खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, शेगडीवर वरण शिजत होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "स्टँडवर गेली होती मी. नवं लुगडं नेसून. गाडी लागली, लोकं चढले... मी नाई चढली."

"का पण? तुम्हीच तर म्हणाल्या होत्या."

"म्हणतलं तं होतं. मंग तिथं उभ्या उभ्या वाटलं, पुन्हा शंभर लोकं, पुन्हा माह्यं नाव, पुन्हा सगळे वळून पाह्यतीन. एकदा झालं तेवढं लय झालं ना, बापा."

माझा राग तिथेच संपला. मी विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं, माझ्या वहीत त्यापुढे बरोबरची खूण होती. पण मी शंभर माणसांसमोरचं विचारलं होतं. शंभर माणसांसमोर झालेली जखम शंभर माणसांसमोरच भरता येईल, असं मी धरून चालले होते. मामांनी तरी निराळं काय केलं होतं?

"आनलं काय भाषन?" त्यांनी विचारलं.

"आणलंय."

"वाच मंग."

मी उभी राहिले. स्वयंपाकघरात एका माणसापुढे भाषणाला उभं राहणं विचित्र वाटतं, पण बसून वाचवेना. पहिल्यापासून वाचलं, काही न गाळता. मधल्या कागदावर होतं ते असं : तुळशीराममामांचा एक दोष होता. ज्यांच्यासमोर बोलायला हवं, त्यांच्यासमोर त्यांचं तोंड उघडायचं नाही. आपल्या भावजयीचं दुःख त्यांनी तिला न विचारता गावाला सांगितलं. चूक कळली तेव्हा ते तिच्या घरी गेले आणि पाणी पिऊन परत आले. पण त्या दिवसापासून, तिरडी उठण्याआधी त्या घरातल्या बाईला विचारल्याशिवाय त्यांनी कोणाचाही दोष सांगितला नाही. जिथे नाही म्हटलं गेलं, तिथे ते गप्प राहिले. हे ते कुठे शिकले, ते कुसुममामींना सांगायचं मात्र राहून गेलं.

शेंगा सोलणारे हात थांबले होते. तिसरा कागद मी वाचला, पण तो त्यांनी ऐकला असेल असं वाटत नाही.

"सगळ्यायलेच इचारत होते?"

"मी तीन घरी विचारलं. तिन्ही घरी."

त्यांनी हातातली अर्धी सोललेली शेंग बाजूला ठेवली. "पानी नाई," मग म्हणाल्या. "तुले मी पानी म्हणतलं, पन च्या पेले होते. दोन डाव मांगून पेले. मले वाटलं, आता बोलतीन, म्हणून मी दुसऱ्यांदा ठेवला. तेवढं दुरुस्त करून घेजो."

मी पेन काढून उभ्या उभ्याच दुरुस्त केलं. त्यांनी मांडीवरचे दाणे ताटात झटकले, शेगडी बंद केली, हात टेकून उठल्या आणि डोक्यावरून पदर घेतला. मला क्षणभर उमगलं नाही. त्यांनी हात जोडून डोळे मिटले तेव्हा लक्षात आलं की सभा झाली, आता मौन. मीही कागद खाली ठेवून हात जोडले. खिडकीतून दूरच्या जिनिंगची घरघर येत होती. माणसं बरीच असली की मौन संपल्याचं कोणीतरी सांगतं. इथे दोघीच होतो, त्यामुळे ते कोणी संपवायचं हे ठरलेलं नव्हतं.

शेवटी कुसुममामींनी पदर सारखा केला. "बस, माय," त्या म्हणाल्या आणि शेंगांची टोपली आमच्या दोघींच्या मधे सरकवली.