फ्लेक्सवरचे आप्पा

माझा पहिला स्केटबोर्ड आप्पांनी कुऱ्हाडीनं तोडला. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. पलूसला आमची शेती एकत्र, घरात शब्द त्यांचाच.

मी दहावीत होते. जपानच्या एका जगज्जेत्याचे व्हिडिओ मोबाइलवर बघून मला वेड लागलं होतं. पायऱ्या, कठडे, जिन्याचे लोखंडी दांडे, तो सगळ्यांवरून बोर्ड घेऊन जायचा. आपटला तरी चेहरा तसाच; उठून पुन्हा त्याच पायऱ्या चढायचा. बेदाण्याच्या शेडपुढच्या सिमेंटवर मीही तसंच करायला बघायचे.

आप्पांनी ते पाहिलं आणि अंगणात सगळ्यांसमोर बोर्डाचे दोन तुकडे केले.

"पोरीनं फळीवर उभं ऱ्हाऊन गावभर फिरायचं? लोक त्वांडात शेण घालतील."

वडील फौजेतून सुट्टीवर आले होते, बोर्ड त्यांनीच पुण्याहून आणलेला. ते मान खाली घालून बसले. मी रडले नाही. याची फेड करायची, आणि चारचौघांतच करायची, एवढं मात्र तेव्हाच ठरवलं.

कॉलेजसाठी सांगलीला गेले, तिथं जुना बोर्ड मिळवला. मनगट दोनदा मोडलं. घरी सांगितलं, बसमधून उतरताना पडले. तिकडं तो जपानी खेळाडू जिंकत होता, त्याच्या नावाचे बूट निघाले, बघायला गर्दी लोटू लागली. जो खेळ खेळतात म्हणून पोरांना रस्त्यावरून हाकलायचे, त्याच खेळातल्या या माणसाशेजारी उभं राहून आता मोठी माणसं फोटो काढून घेत होती. ते फोटो मी फार निरखून बघायचे.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याच्या स्पर्धेत मी पहिली आले. पेपरात फोटो आला आणि आप्पांचा फोन आला.

"गावात सत्कार ठेवलाय तुजा. येतीस न्हवं?"

त्यांना पंचायतीला उभं राहायचं होतं. मी लगेच हो म्हणाले.

स्टँडपासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले होते. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो जपानी जगज्जेता, आणि दोघांच्या वर, दोघांहून मोठे, हात जोडलेले आप्पा. खाली लिहिलेलं, 'यांच्याच प्रेरणेतून'.

शाळेतल्या स्टेजवर, तसल्याच एका फ्लेक्सपुढं, शाल, नारळ झाला. माइक माझ्या हातात आला. मी आवाज चढवला नाही. कुऱ्हाड कुठली, अंगणात कोण कोण होतं, आप्पा काय म्हणाले, सगळं त्यांच्याच शब्दांत सांगितलं. शेवटी त्यांच्याकडं वळले.

"आप्पा, ह्या फोटोत माझ्या शेजारचा माणूस कोण हाय, सांगा की."

ते फ्लेक्सकडं बघत राहिले. मागच्या बाया हसल्या, मग पुरुषही हसले. मी तो हशा पुरता संपू दिला.

खाली उतरल्यावर आप्पा हळूच म्हणाले, "झालं समाधान?"

"न्हाई अजून," मी म्हणाले.

ते उभे राहिलेच नाहीत पंचायतीला. सूड घेऊन मन हलकं होत नाही म्हणतात. माझं झालं. आई दर दिवाळीला सांगते, जाऊन पाया पड, वय झालंय त्यांचं. मी फराळाचा डबा पाठवते, पण उंबरा चढत नाही. मागल्या महिन्यात ते रस्त्यात समोर आले, थांबले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी बोर्ड खाली टाकला, त्यावर पाय ठेवला आणि त्यांच्या शेजारून निघून गेले.