माणसाला अक्षर, बातमीला आकडा

मी सैन्यात गुप्तवार्तेच्या कामात होतो असं सांगितलं की समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघतो. त्याला सिनेमातला काळा चष्मा हवा असतो. माझ्याकडे वाचायचा चष्मा होता, एक लाकडी टेबल होतं आणि भिंतीवर नकाशा. शत्रूपेक्षा मी कागदच जास्त पाहिले. निवृत्त होऊन छावणीजवळ दोन खोल्यांचं घर बांधलं, तरी अजून कुणी काही सांगू लागलं की मनात पहिला प्रश्न येतो, हे याला कुणी सांगितलं? बायको म्हणते, तुमचा स्वभावच संशयी. तसा मी त्या एका दिवशी असतो तर फार बरं झालं असतं.

कमांडर साहेबांना बातम्यांचा ढीग नको असतो. त्यांना निर्णय घ्यायचा असतो आणि त्यासाठी एक नेमका प्रश्न असतो, उदाहरणार्थ, उद्या गस्त कोणत्या वाटेनं पाठवायची. त्या प्रश्नासाठी आम्ही सगळीकडून गोळा करायचो. परतलेल्या जवानांना चहा पाजून खोदून खोदून विचारायचं, गावातल्या आपल्या माणसांनी आणलेलं लिहून घ्यायचं, वायरलेसवर ऐकलेलं आणि वरून काढलेले फोटो त्याच्याशी ताडून बघायचे. मग प्रत्येक बातमीपुढे एक अक्षर आणि एक आकडा टाकायचा. अक्षर माणसाला, तो आजवर किती खरा निघाला यावर. आकडा बातमीला, तिला दुसरीकडून दुजोरा आहे का यावर. शेवटी सगळं एका पानात बसवून साहेबांच्या टेबलावर. त्या पानाच्या वरच्या दोन ओळी नीट वाचल्या जातात आणि खालच्या नुसत्या नजरेखालून जातात. हे मला चांगलं ठाऊक होतं.

आमच्याकडे सोयगाव तालुक्यातला एक जवान होता. मी त्याच जिल्ह्यातला, पाचोडचा. इथे असतो तर आम्ही एकमेकांना ओळखलंही नसतं, पण तिकडे डोंगरात आम्ही शेजारीच झालो. बाकीचे गस्तीवरून येऊन ‘सब ठीक है साब’ म्हणत आणि चहा संपवत. हा कपाशीच्या शेतातून फिरून आल्यासारखा बारीकसारीक सांगायचा, कोणत्या घरातून आज धूर निघाला नाही, कुठलं कुत्रं भुंकलं नाही. मी त्याला चिडवायचो, की तुला सैन्यात कशाला घेतलं, तलाठी करायला हवं होतं. तो हसायचा.

त्या दुपारी तो म्हणाला, “साब, नाल्याकाठी दोन दिसापासून गुरं येईनात. पाणी तिथंच हाय, गवत बी लई हाय. गुराख्यांला कुणीतरी दटावलेलं दिसतंय.”

त्याच दिवशी गावातल्या आपल्या दोन माणसांकडूनही बातमी आली होती. एक लाकडं आणणारा, एक खेचरवाला. दोघंही वेगवेगळ्या वेळी आले आणि दोघांनी तेच सांगितलं, की नाल्याची वाट मोकळी आहे, तिकडे कुणी फिरकलेलं नाही. दोघं याआधी कधी खोटे ठरले नव्हते. मी त्यांना चांगलं अक्षर दिलं आणि एकाला दुसऱ्याचा दुजोरा मिळाला म्हणून सगळ्यात वरचा आकडा. गुरांची गोष्ट एका जवानाचा अंदाज होता, तिला खालचा आकडा दिला आणि पानाच्या शेवटच्या ओळीत टाकली.

सकाळी गस्त नाल्याच्या वाटेनं निघताना त्या जवानानं मला विचारलं, “साब, मपलं ते गुरांचं लिवलं का?”

“लिहिलंय,” मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पुढे चालायची पाळी त्या दिवशी त्याचीच होती.

सुरुंग नाल्याच्या वळणावर होता. त्यात तो गेला.

त्यानंतर मी त्या दोघांना बसवून विचारलं, तुम्ही स्वतः वाट पाहिली होती का? पाहिली नव्हती. दोघांनीही ते एकाच चहावाल्याकडून ऐकलं होतं. त्याला कुणी पढवलं, ते कधी कळलं नाही. मी एकाच माणसाचं बोलणं दोनदा मोजलं होतं. साहेबांनी आवाज न चढवता एवढंच विचारलं, की हे दोघं एकमेकांना भेटतात का? तो प्रश्न आदल्या दिवशी मी विचारायला हवा होता, तेच माझं काम होतं. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. पानावर सगळं होतं ना, शेवटच्या ओळीसकट. मला त्या सुटकेची आजही लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात त्या जवानाचे वडील माझ्याकडे आले. मी माजी सैनिकांच्या घरच्यांना अर्ज लिहून देतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सोयगावहून एसटीनं आले, उन्हानं चेहरा करपलेला. अर्ज लिहून झाला, चहा झाला, तरी उठेनात. मग म्हणाले, “साहेब, तुमी त्याच्यासंगं व्हते. एक इचारू का? गावात लोक म्हणत्यात, बघून चालला असता तर वाचला असता. त्याच्या मायच्या तोंडावर बी कुणीतरी म्हणलं. पोरगं बेसावध व्हतं का हो?”

कामाचं बाहेर बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं. ती सवय त्या क्षणी मला फार सोयीची होती. पण जो सगळ्यांत जास्त बघायचा त्यालाच आंधळा ठरवलेलं मला ऐकवेना. ठिकाण न सांगता मी सगळं सांगितलं. गुरांचं, त्या दोन माणसांचं, माझ्या आकड्याचं. म्हणालो, “भाऊ, तुमचा मुलगा बेसावध नव्हता. चूक माझी झाली.”

ते रागावतील म्हणून मी तयार होतो. खरं तर त्यांनी रागवावं असंच मला वाटत होतं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“म्हंजे त्याला ठावं व्हतं,” ते म्हणाले.

“हो.”

“अन् तरी म्होरं तोच चालला.”

“हो.”

त्यांनी अर्जाची घडी केली आणि खिशात ठेवली. दारात चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “बेसावध असता, तेच बरं व्हतं साहेब. मंग चालताना निदान भ्याला तरी नसता.”