वाजणारं मशीन

परवा आमच्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एकाने विचारलं, गाडीला तासांची नोंद ठेवणारं मशीन बसवायचंय, कुठलं घेऊ? भराभर उत्तरं आली. मी गप्प बसलो होतो... आज लिहितो.

महाडला माझ्या दोन गाड्या आहेत. एमआयडीसीतल्या एका कंपनीचा माल चिपळूणच्या बाजूला नेतो. उन्हाळ्यात कंपनीने फर्मान काढलं, गाडी किती तास चालली, ड्रायव्हर किती झोपला, याची नोंद ठेवणारं मशीन बसवा, नाहीतर लोडिंग मिळणार नाही.

मशीनवाला ऑफिसात दोन डबे घेऊन आला. पहिलं मशीन, ड्रायव्हर जास्त वेळ स्टिअरिंगवर राहिला की केबिनमध्ये जोरजोरात वाजायचं, आणि त्याच्या नोंदीला कोणालाच हात लावता यायचा नाही. दुसरं वाजत नव्हतं. शिवाय ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्यातले तास 'दुरुस्त' करता यायचे.

मी एकच प्रश्न विचारला... दुरुस्त केल्याची मागे काही खूण राहते का? तो म्हणाला, नाही. झालं, माझं ठरलं.

रघूकाका तेव्हा दारातच उभे होते. माझ्या वडिलांच्या, अब्बांच्या वेळेपासून ते आमच्या गाडीवर, घर पोलादपूरच्या वरच्या वाडीत. म्हणाले, "शेठ, ते वाजणारं घ्या. वय झालं आता... डोळा लागला तर उठवील तरी."

मी हसलो. म्हटलं, "काका, तुम्ही तर कशेडी घाट डोळे मिटून उतराल." हे वाक्य माझ्याच तोंडचं आहे.

मग ते रोजचंच झालं. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने 'विश्रांती आठ तास' टाकायचं आणि सेव्ह. सगळेच करतात, आपण काय जगावेगळं करतोय, असंच वाटायचं.

जुलैत एक दिवस दुसरी गाडी बंद पडली. रघूकाका रात्रभर गाडी मारून सकाळी आठला परत आले होते, डोळे लालभडक. "जरा पाठ टेकतो," म्हणाले. इकडे कंपनीचे फोनवर फोन.

मी म्हटलं, "काका, एवढी एकच फेरी मारा. आल्यावर दोन दिवस झोपा." ते नाही म्हणाले नाहीत... अब्बांनाही कधी म्हटलं नव्हतं. आणि त्यांची गाडी गेटबाहेर पडायच्या आत मी त्यांची न झालेली आठ तासांची झोप मशीनमध्ये टाकून मोकळा झालो.

त्या दिवशी दरडीमुळे गाड्या जुन्या घाटातून सोडल्या होत्या. दुपारी परत येताना कशेडीच्या उतारावर काकांचा डोळा लागला. समोरून तुडीलचा एक माणूस मोटरसायकलवर येत होता... तो जागीच गेला. त्याचं नाव इथे घ्यायला मला तोंड नाही.

काकांचा पाय दोन ठिकाणी मोडला. वर निष्काळजीपणे गाडी चालवल्याची केस.

पोलिसांनी मशीनची नोंद मागवली. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मालकाने पुरती झोप दिली होती. तरी झोपला म्हणजे चूक ड्रायव्हरचीच." खोटं कशाला बोलू... त्या क्षणी मला हायसं वाटलं. आता ते आठवलं की स्वतःची किळस येते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. काकी कॉटच्या पायथ्याशी बसल्या होत्या, मला बघून उठल्याच. "शेठ, गाडीत ते मशीन हाय ना? ह्यांना झोप मिळाली नाय, ते त्याच्यात निघेल ना? माणूस खोटं बोलंल, मशीन कशाला बोलंल?"

रघूकाका भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "गप गो. शेठची काय चूक? मीच नाय म्हणायला पायजे होतं."

बाहेर येऊन मशीनवाल्याला फोन लावला. म्हटलं, जुनी नोंद परत काढून दे, काय वाट्टेल ते कर. तो म्हणाला, "सर, एकदा सेव्ह केलं की आधीचं काही राहत नाही... तुम्हीच तर विचारलं होतंत."

दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनला जाऊन खरं काय ते लिहून दिलं. वकील म्हणाला, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. साहेबांनी माझा कागद वाचला, मशीनचा कागद शेजारी ठेवला आणि म्हणाले, "आता कोर्टाने यातलं कुठलं खरं मानायचं?"

तिथून तसाच दवाखान्यात गेलो आणि काकींना सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देतील, निदान हाकलून तरी देतील. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हंजे आता ह्यांच्या बाजूनं बोलणारं कोणच नाय."



केस चालू आहे. काकांचा पाय काही पहिल्यासारखा व्हायचा नाही, आणि तुडीलच्या त्या घरी जायची हिंमत मला अजून झालेली नाही. जायचं आहे.

तर भावा, कुठलं मशीन घेऊ विचारलंस ना... मशीनवाल्याला विचारू नकोस, मलाही विचारू नकोस. तुझी गाडी जो चालवतो, त्याला विचार. मला तर विचारावंही लागलं नव्हतं, रघूकाकांनी आपणहून सांगितलं होतं.